प्रत्येक भावनेची घाई वेगळी

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"मी रावेर तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी आहे. वय ४६. जूनच्या पहिल्या आठवड्यात आलेल्या वादळाने माझी कापणीवर आलेली चार हजार खोडांची बाग आडवी केली. पंचनामा झाला, विम्याचे कागद दिले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार माझी माझ्याबद्दलच आहे. वादळानंतर आठच दिवसांत दुसऱ्या वावरातला उभा माल मी कोणालाही न विचारता बोर्डाच्या जाहीर भावापेक्षा बराच खाली व्यापाऱ्याला देऊन टाकला. ठिबकचा व्हॉल्व्ह उघडा राहिला एवढ्या कारणावरून, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वर्षभरासाठी ठरवलेल्या सालदाराचा हिशेब करून त्याला घरी पाठवले. तो आमच्याकडे नऊ वर्षे होता. थोरल्या भावाचे वावर माझ्या वावराला लागून आहे. त्याची बागायती कपाशी असल्याने त्याचे काही गेले नाही. वादळानंतर तो बांधापर्यंत आला आणि काही न बोलता परत गेला. बांधावरून आमची जुनी कुरबुर होती, तिच्यावर मी पंधरा दिवसांत वकिलामार्फत नोटीस पाठवली आणि श्रावणात भाऊबंद एकत्र करतात ते कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोटही यंदा वेगळे केले. मुलगा म्हणतो, ऑक्टोबरात कांदेबाग, म्हणजे केळीची दुसरी लागवड, लावू. मी लावू देत नाही. रात्री गोठ्यावरचे पत्रे वाजले की मी उठून बसतो, छाती धडधडते, मग झोप लागत नाही. शेजारचा शेतकरी रस्त्याकडचा एक एकर मागतो आहे, पोळा झाल्यावर इसार घ्यायचे जवळजवळ ठरले आहे. बायको म्हणते, तुम्ही पहिले राहिले नाहीत. वादळाच्या दिवशी घरातल्या बायका रडल्या, मी रडलो नाही. एक गोष्ट मात्र कोणाला सांगितलेली नाही, ती लिहितो. पंचनाम्याची मंडळी गेल्यावर एक पडलेले खोड घडासकट उभे करून मी बराच वेळ धरून ठेवले होते. ते आता लागणार नाही हे मला समजत होते. माझ्या डोक्यात काही बिघाड झाला आहे का? भावना बाजूला काढून फक्त डोक्याने निर्णय घ्यायला कसे शिकावे?"

भाऊ, सप्रेम नमस्कार.

आधी निकडीचे सांगते. पोळ्यानंतरचा इसार घेऊ नका. तो एकर विकावा की ठेवावा याबद्दल मला मत नाही, आणि ते देण्याचा अधिकारही नाही, परंतु ज्या मनःस्थितीत तुम्ही तो विकायला निघाला आहात तिच्यात ठरलेली किंमत तुमची नसेल. शेजाऱ्याला "दिवाळीनंतर बोलू" एवढेच सांगा. ज्याला खरोखर घ्यायचा आहे तो दोन महिने थांबेल, आणि जो थांबायला तयार नाही तो नेमका तुमच्या घाईवरच डोळा ठेवून आहे असे समजायला हरकत नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. पडलेले खोड हाताने उभे धरणाऱ्या माणसाच्या डोक्यात बिघाड झालेला नसतो. ज्याने कंद किंवा रोप लावल्यापासून वर्षभर त्या खोडाला पाणी, खत आणि आधार दिला, फुटवे वेळेवर काढले, थंडीतल्या चरक्यातून, म्हणजे थंडीने केळीला होणाऱ्या इजेतून, ते वाचवले, त्याच्या हातातोंडाशी आलेला घास गेला की हात आपोआप तेच करायला जातात जे ते वर्षभर करत आले आहेत. डोक्याला कळत होते की मूळ तुटले आहे आणि हातांना ते मान्य नव्हते, इतकाच त्याचा अर्थ. याला शोक म्हणतात. तुमच्या संपूर्ण पत्रात शोकाची ही एकच कृती आहे, तीही तुम्ही चोरून केली आणि कोणाला सांगितली नाही. बाकी जे जे तुम्ही केले, म्हणजे माल विकला, सालदार काढला, नोटीस पाठवली, मुलाला अडवले, ते सगळे उघडपणे, शिरस्त्याप्रमाणे, व्यवहार म्हणून केले. माझ्या मते तुमचा घोटाळा इथेच झाला आहे. ज्या गोष्टी तुम्ही व्यवहार समजून केल्या त्या भावनांनी केलेल्या होत्या, आणि ज्या एका गोष्टीची तुम्हाला लाज वाटते ती सर्वांत शहाणी होती.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. भावना बाजूला काढून निर्णय घेता येत नाहीत, आणि ज्यांच्या बाबतीत आजाराने किंवा अपघाताने तसे घडले आहे त्यांची उदाहरणे पाहिली तर तसे व्हावे अशी इच्छाही कोणी धरणार नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात मेंदूचे अभ्यासक अँटोनियो दामासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कपाळामागच्या मेंदूच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला. या रुग्णांची बुद्धी, स्मरणशक्ती, भाषा आणि हिशेब शाबूत होते, भावना मात्र बोथट झाल्या होत्या, आणि त्यांच्या आयुष्यातील निर्णयांचे वाटोळे झाले होते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात पत्त्यांच्या चार गड्ड्या ठेवलेल्या होत्या. त्यांपैकी दोन गड्ड्यांमध्ये मोठा लाभ आणि त्याहून मोठा तोटा दडलेला होता. निरोगी माणसे काही फटके खाल्ल्यावर त्या गड्ड्यांपासून दूर झाली. पुढच्या प्रयोगांत असेही दिसले की धोक्याच्या गड्डीकडे हात जाण्याआधीच त्यांच्या तळहाताला सूक्ष्म घाम येत होता. रुग्णांना तो घाम येत नव्हता आणि ते नुकसानीच्या गड्डीतून पत्ते उचलतच राहिले. म्हणजे पोटात जो गोळा येतो तो विचाराचा शत्रू नव्हे, विचाराला लागणारी माहितीच तो पुरवत असतो.

तरीही तुमचे निर्णय चुकीच्या दिशेने गेले हे खरे आहे. भावना आल्या हे त्याचे कारण नव्हे. प्रत्येक भावना आपली स्वतंत्र घाई घेऊन येते, आणि कोणती घाई कोणाची हे तुम्ही ओळखले नाही. भीती पळायला सांगते, राग चालून जायला सांगतो, आणि दुःख हातातले टाकून द्यायला सांगते. तुमच्या अंगात तिन्ही एकाच वेळी होत्या.

भीतीपासून सुरुवात करू, कारण तिचे शरीरातले काम सर्वांत जुने आणि सर्वांत स्पष्ट आहे. हार्वर्डमधील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली दाखवून दिले की भीती आणि राग या दोन्हींमध्ये शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. ॲड्रेनॅलिन रक्तात येते, हृदयाचे ठोके वाढतात, तोंडाला कोरड पडते, पचन मंदावते आणि रक्त स्नायूंकडे वळते. रात्री पत्रे वाजल्यावर तुमच्या छातीत जे होते ते हेच आहे. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याच्या प्रसंगी जो आवाज, जो वास, जो उजेड आसपास असेल तो त्या धोक्याशी बांधून ठेवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. उंदरांना एखादा सूर ऐकवून लगेच विजेचा हलका झटका दिला, तर थोड्याच वेळात नुसत्या सुरानेच ते जागच्या जागी थिजतात, हे प्रयोगशाळांत असंख्य वेळा दिसले आहे. तुमच्या बाबतीत तो सूर पत्र्याचा आहे. मेंदूचा हा भाग पंचांग पाहत नाही. श्रावणातला साधा वारा आणि जूनमधले वादळ यांतला फरक त्याला आपण होऊन कळत नाही, तो त्याला पुन्हा पुन्हा सुरक्षित अनुभव देऊन शिकवावा लागतो. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, असे आपण हसून म्हणतो, परंतु पोळलेल्या माणसाला ताक आणि दूध खरोखरच सारखे दिसत असते.

दुसऱ्या वावरातला माल तुम्ही आठ दिवसांत देऊन टाकलात तो या भीतीपोटी. व्यापाऱ्याने भाव पाडला असेल, तो त्याचा धंदाच आहे. तुम्हाला मात्र त्या आठवड्यात भाव ऐकूच येत नव्हता, वारा ऐकू येत होता. घड अजून उभे आहेत म्हणजे अजून पडू शकतात, या एका विचारापुढे क्विंटलमागे किती रुपये सुटतात हा हिशेब टिकणे अवघड होते. तो व्यवहार झाला, आता त्यावर रात्री घालवू नका.

मात्र याच महिन्यात तुम्ही नोटीसही पाठवलीत, आणि या दोन निर्णयांची जोडी मला तुमच्या पत्रातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भीती आणि राग यांची तुलना केली. दोन्ही भावना त्रासदायकच आहेत, त्यामुळे दोन्हींचा परिणाम सारखा असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो उलट निघाला. घाबरलेल्या माणसांना धोके होते त्याहून मोठे दिसत होते आणि रागावलेल्या माणसांना तेच धोके लहान दिसत होते. भीतीच्या मुळाशी अनिश्चितता असते, परिस्थिती आपल्या हातात नाही अशी जाणीव असते. रागाच्या मुळाशी खात्री असते. कोणाचे चुकले हे मला माहीत आहे आणि त्याला मी धडा शिकवू शकतो, अशी ती खात्री. म्हणून केळी विकताना ज्या माणसाला दहा दिवसांचा धोका पत्करवत नव्हता, त्याच माणसाला नोटीस पाठवताना दहा वर्षांच्या तारखा दिसल्या नाहीत. बांधाचे दावे किती पिढ्या चालतात हे रावेर, यावल किंवा चोपडा भागातल्या माणसाला मी सांगण्याची गरज नाही. तुम्हालाही ते माहीत होते. त्या दिवशी फक्त दिसले नाही.

रागाची आणखी एक अडचण अशी की त्याला समोर कोणीतरी माणूस लागतो. वादळाला तोंड नसते. वाऱ्यावर फिर्याद करता येत नाही, ढगाचा हिशेब करून त्याला घरी पाठवता येत नाही, आणि बाग तर गेलेली असते. मग वड्याचे तेल वांग्यावर निघते. ज्याच्या चुकीला नाव देता येते असा जवळचा माणूस सापडतो, आणि चूकही खरीच असते, म्हणून राग आपल्याला रास्त वाटतो. व्हॉल्व्ह उघडा राहिला होताच. प्रश्न एवढाच की मागच्या नऊ वर्षांत तो कधीच उघडा राहिला नव्हता का, आणि राहिला असेल तेव्हा तुम्ही काय केले होते. शिव्या दिल्या असतील, चहा पाजला असेल, विषय संपला असेल. शिक्षा चुकीच्या मानाने कितीतरी मोठी झाली की वरचा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यातला असतो. शिवाय त्या चार हजार खोडांमधली बहुतेक त्या सालदाराच्याच हातची असतील. त्यांचे जाणे त्यालाही लागले असेल आणि त्या आठवड्यात त्याचेही लक्ष थाऱ्यावर नसेल, ही शक्यता तुमच्या पत्रात कुठेच आलेली नाही.

भावाच्या बाबतीत मला थोडे थांबावेसे वाटते. तुम्ही लिहिले आहे की वादळानंतर तो बांधापर्यंत आला आणि काही न बोलता परत गेला. पत्रात हे एकच वाक्य आहे, आणि त्याच्या पुढचेच वाक्य नोटिशीचे आहे. बांधाची कुरबुर जुनी होती, मग ती नेमकी या जूनमध्येच नोटिशीपर्यंत का गेली? माझा अंदाज असा की तुमचे भांडण बांधाच्या जागेचे नाही. तो बांध ओलांडून आला नाही, हे तुम्हाला लागले आहे. आधी दुखावणे आले आणि मग त्यावर राग चढला. दुखावलो असे भावाला सांगणे पुरुषाला जड जाते, विशेषतः जिथे भाऊबंदकीत मान हेच चलनी नाणे असते. रागावलो असे सांगणे सोपे असते, त्याला वकीलही मिळतो.

त्याच्या परत जाण्याचे दोन अर्थ लागू शकतात. "माझे वाचले, याचे गेले, बरे झाले" असे मनात म्हणून तो परत गेला असेल. किंवा आपली कपाशी उभी असताना आडव्या बागेत उभ्या असलेल्या धाकट्या भावाला काय बोलावे हे न सुचून, पाय पुढे न पडल्यामुळे परत गेला असेल. खरे कोणते हे मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही नाही. परंतु पहिला अर्थ धरला तर संताप येतो आणि नोटीस जाते. दुसरा धरला तर वाईट वाटते आणि संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जावेसे वाटते. घटना तीच असते, तिचा आपण लावलेला अर्थ भावना ठरवतो आणि भावना पाऊल ठरवते. मानसशास्त्रात जेम्स ग्रॉस यांनी भावनांच्या नियमनावर जे दीर्घ काम केले आहे त्याचा मोठा भाग याच ठिकाणाभोवती फिरतो. भावना उसळून आल्यावर तिला दाबण्यापेक्षा, ती ज्या अर्थातून आली तो अर्थ तपासणे शरीराला आणि नात्यांना कमी महाग पडते.

दाबण्याबद्दल बोलायचेच तर तुम्ही त्या दिवशी रडला नाहीत, हे तुम्ही काहीशा अभिमानाने लिहिले आहे की तक्रारीने, ते मला कळले नाही. ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत काही लोकांना चित्रफिती दाखवताना चेहऱ्यावर काहीही न दाखवण्यास सांगितले होते. त्यांचे चेहरे शांत राहिले, परंतु रक्तवाहिन्या आणि घाम यांची मोजमापे सांगत होती की आतला ताण उलट वाढला आहे. घरातल्या बायका रडल्या आणि तुम्ही पंचनाम्याच्या मंडळींबरोबर चिखलात उभे राहून खोडे मोजून दिलीत, ते त्या वेळी आवश्यकच होते. त्यानंतर कधीतरी त्याची पाळी यायला हवी होती, ती आली नाही. मात्र याचा अर्थ कोणी "एकदा मनसोक्त ओरडून, आदळआपट करून मोकळे व्हा" असा सांगत असेल तर त्याचे ऐकू नका. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधील प्रयोगात ज्याने चिडवले त्याचा विचार करत पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उतरला नाही, तो वाढला. काहीही न करता शांत बसून राहिलेल्यांचा राग त्यांच्यापेक्षा कमी होता. रडणे आणि डोक्यात राख घालून घेणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आता तो एकर. दुःखाबद्दल आपल्याकडे असा समज आहे की दुःखी माणूस काही करत नाही, खाटेवर पडून राहतो. पैशाच्या व्यवहारात तसे दिसत नाही. लर्नर, डेबोरा स्मॉल आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही जणांना आधी एक दुःखद चित्रफीत दाखवली, आणि मग पूर्णपणे वेगळे काम म्हणून त्यांना रंगीत हायलायटर पेनांच्या संचाची किंमत ठरवायला सांगितली. ज्यांच्या हातात संच होता आणि जे विकणार होते, त्यांच्यापैकी दुःखी झालेल्यांनी इतरांपेक्षा कमी किंमत सांगितली. ज्यांच्याकडे संच नव्हता त्यांच्यातील दुःखी माणसे तो मिळवण्यासाठी इतरांपेक्षा जास्त मोजायला तयार होती. चित्रफितीचा पेनांशी काडीमात्र संबंध नव्हता. संशोधकांनी लावलेला अर्थ असा की दुःखाला आहे ती परिस्थिती बदलून हवी असते. जे जवळ आहे ते जावे, जे नाही ते यावे, काहीही होवो पण हे असेच राहू नये. पेनांचा संच आणि बागायती जमीन यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि प्रयोगशाळेतला निष्कर्ष वावरावर जसाच्या तसा लावू नये हे मलाही कळते. परंतु घरात मृत्यू झाल्यावर वर्षाच्या आत घर विकणारी, गाव सोडणारी, गेलेल्याची बैलजोडी मिळेल त्या किमतीला देऊन टाकणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील.

पत्रात तुम्ही लिहिलेले नाही म्हणून विचारते. हा रस्त्याकडचा एकर बाग पडली त्याच गटातला आहे का? येताजाता तोच दिसतो का? तसे असेल तर तुम्ही विकायला काढली आहे ती जमीन नव्हे, ते दृश्य आहे, आणि दृश्याची किंमत जमिनीच्या भावाने होत नाही. पीककर्जाचा हप्ता, मुलीचे लग्न किंवा दवाखाना अशी ठोस निकड असेल तर गोष्ट वेगळी. मग ती रक्कम कागदावर मांडा, विम्यातून काय येऊ शकते ते बँकेत आणि कृषी कार्यालयात विचारून त्यातून वजा करा, आणि उरलेल्या आकड्यासाठी एक एकरच लागतो का ते बायको-मुलासमोर बसून पाहा. पत्रात अशी कोणतीही रक्कम नाही, म्हणून मला शंका येते.

निर्णयापूर्वी करण्यासारखी एक लहानशी गोष्ट आहे. तुमच्याकडे मजुरीची आणि पाण्याच्या पाळीची वही असेलच. पैसा, जमीन किंवा माणूस यांपैकी कशाचाही निर्णय घ्यायचा असेल त्या दिवशी त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहा की आत्ता मला काय वाटते आहे, ते केव्हापासून वाटते आहे, ते मला ताबडतोब काय करायला सांगते आहे, आणि जूनमध्ये वारा आलाच नसता तर मी हेच केले असते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" आले तर त्या दिवशी सही करायची नाही. हे पोरकट वाटेल. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले आहे की चेहऱ्यावरील भावनेला शब्दांत नाव दिले जाते तेव्हा अमिग्डालाची हालचाल मंदावते आणि कपाळामागचा एक भाग अधिक कामाला लागतो. भीतीला भीती म्हटल्याने ती नाहीशी होत नाही, फक्त तिला व्यवहारज्ञानाचा वेश घेऊन सही करता येत नाही. ज्या रात्री पत्र्यांनी झोप मोडली असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी तर कोणताही निर्णय नको, कारण अपुऱ्या झोपेनंतर अमिग्डाला अधिक भडक होतो.

मुलाकडे वळते. त्याला अडवणारी तुमची भीती आहे, हे खरे. म्हणून त्याचे म्हणणे आपोआप बरोबर ठरत नाही. बाग त्याच्याही डोळ्यांदेखत पडली आहे, आणि तरुण वयात पुन्हा लागवड करणे हा ते विसरण्याचा सर्वांत जवळचा रस्ता वाटतो. उमेदीलाही घाई असते. तुमच्या भीतीला गप्प बसवण्यापेक्षा तिला कामाला लावा. वारा ज्या बाजूने येतो तिकडे शेवरीची दाट ओळ लावता येईल का, घड बाहेर आल्यावर खोडांना बांबूचा किंवा पट्ट्यांचा आधार देण्याचा खर्च किती येईल, सगळे क्षेत्र केळीखाली न घेता थोडे हळदीला किंवा हरभऱ्याला दिले तर बेवडही (पुढच्या पिकासाठी जमीनही) चांगला होईल आणि धोकाही वाटला जाईल का, या प्रश्नांसाठी दोघे मिळून पालच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्रात जा. भीतीचे खरे काम हेच असते, पुढच्या वेळची तयारी करून घेण्याचे. निर्णय "लावायची नाही" असा निघाला तरी चालेल, पण तो तिथून परत आल्यावर निघू द्या.

झोपेबद्दल मात्र मी पत्रातून सल्ला देऊन थांबणार नाही. वादळाला महिना कधीच उलटून गेला आहे. आवाजाने दचकणे, रात्री जागणे, त्या वावराकडे जाणे टाळणे हे अजून चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते आणि या त्रासावर चांगले उपचार आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. जगणे नकोसे वाटण्याचे विचार कधी मनात आले असतील, ते तुम्ही लिहिलेले नाहीत परंतु विचारणे माझे काम आहे, तर उद्याची वाट न पाहता आजच तिथे फोन करा आणि घरात एका माणसाला सांगा. ते खोड धरून उभे राहिल्याची गोष्ट बायकोला सांगितलीत तरी "तुम्ही पहिले राहिले नाहीत" या वाक्याचे अर्धे उत्तर तिला मिळेल.

भावाकडे जाल तेव्हा बांधाचा विषय काढू नका. "अण्णा, बाग गेली त्या दिवसापासून माझे डोके ठिकाणावर नाही, नोटीस त्याच डोक्याने पाठवली, तू बांधापर्यंत येऊन परत गेलास ते मला लागले" एवढे बोलून थांबा आणि त्याला बोलू द्या. तो काय म्हणेल सांगता येत नाही. कदाचित तोही नोटिशीमुळे तडकलेला असेल आणि पहिल्या दिवशी तुम्हाला पाणीही विचारणार नाही. वकिलांना मात्र तोवर पुढचे पाऊल न उचलण्याचा निरोप द्या. बांधाचा प्रश्न त्यानंतरही उरलाच तर दोघांनी मिळून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा, खुणा पडतील त्या दोघांनी मान्य कराव्यात. त्यासाठी कोणाला रागावण्याची गरज पडत नाही.

सालदाराकडे मुलाला किंवा मध्यस्थाला पाठवू नका, स्वतः जा. त्याने दुसरीकडे साल धरले असेल तर त्याला तिथून ओढू नका. हिशेबात काही राहिले असेल तर ते देऊन या. तो मोकळा असेल तर पुढच्या आखाजीपर्यंत थांबण्याचे कारण नाही, उरलेल्या वर्षाचे बोलणे त्याच ओट्यावर करून टाका.